लांब खुरांचा माग

रुबय्या आत्याला मातीत उमटलेला शेळीचा एक खूर दाखवला, की ती शेळी कुठल्या अंगाला राहते ते सांगायची. कुणाची आहे ते नव्हे, कुठल्या अंगाची आहे ते. ह्या दोहोंत फरक आहे हे आम्हा सगळ्यांना एका वर्षी नीट कळलं, आणि आत्याला ते सगळ्यांत जास्त झोंबलं.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. सिनाईच्या ह्या उंच डोंगरांत आम्हा जबालिया जमातीच्या शेळ्या बायकांच्या असतात. पुरुष उंट हाकतात, इथल्या ख्रिस्ती मठात येणाऱ्या यात्रेकरूंना शिखरावर चढवतात, नाहीतर खाली किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला लागतात. आत्याचा मुलगा मुसल्लम तिकडेच होता. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. तिच्यापाशी चौदा काळ्या शेळ्या होत्या, चहाची एक काळीकुट्ट किटली होती, आणि डोळे होते. एकदा माझ्या दारावरून जाताना नुसती थांबली, खाली बघितलं आणि म्हणाली, "मर्झूका, तुझा नवरा आज दोनदा दारापर्यंत येऊन मागं फिरलाय. काय लपवतोय ते इचार." विचारलं. उंटाचं नवं खोगीर त्यानं वाटेत कुठंतरी हरवलं होतं.

खुरांचं तिचं शास्त्र साधं होतं. तांबड्या कातळावर चरणारीचे खूर कातळच घासून काढतो. ते आखूड आणि गोल राहतात. उतारावरच्या सुट्या खडीत वावरणारीची आतली कड आधी झिजते. आणि खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात, वाळूत बसून राहणारीचे खूर झिजायचं नाव घेत नाहीत. ते पुढं पुढं वाढतात, टोकं फाकतात, मोजडीसारखी वर वळतात. दुधाचंही तसंच. घोटभर दूध तोंडात घोळवून ती सांगायची, ही शीह खाऊन आलीय. शीह म्हणजे आमचा डोंगरी दवणा, वासाला गोड आणि चवीला कडू. तिच्या लेखी शेळी म्हणजे चालता फिरता डोंगरच होता.

आता लोझाचं सांगते. गावापासून दोन तास वर चढलं की चारी बाजूंच्या सुळक्यांच्या मधोमध एक सपाट जागा लागते, परातीसारखी. अशा जागेला आम्ही फर्श म्हणतो. डोंगरावर पडलेला प्रत्येक थेंब आणि वितळलेलं बर्फ घरंगळत तिथं येतं, त्यामुळं खाली सगळं भाजून निघालं तरी लोझाच्या फर्शावर चारा असतो. उन्हाळाभर साऱ्यांचे कळप तिथंच जगतात. म्हणूनच थंडी सरली की जमातीची शपथ होते: कृत्तिका पहाटे उगवायला लागेपर्यंत लोझात शेळी शिरणार नाही, विळा शिरणार नाही. गवताला बी धरू द्यायचं. जिच्या शेळ्या आत सापडतील तिचा कळप त्या उन्हाळ्यात वर जाणार नाही, आणि त्यातलं एक जनावर सगळ्यांसाठी कापलं जाईल. शपथेची राखण सुवेलिमकाकांकडं. त्यांच्या बागेच्या भिंतीशी, तुतीच्या झाडाखाली बैठक बसते आणि तिथं जे ठरतं ते ठरतं.

त्या वर्षी कृत्तिकांना सतरा-अठरा दिवस उरले असताना सुवेलिमकाकांनी आत्याला बोलावणं धाडलं. लोझात झुडपांचे शेंडे खाल्लेले होते, लेंड्या पडल्या होत्या. आत्या मला बरोबर घेऊन वर गेली. ओलसर जागेत तिला एक स्वच्छ ठसा सापडला. वाऱ्यानं मोडू नये म्हणून तिनं त्यावर पत्र्याचं वाडगं उपडं घातलं, भोवती दगड मांडले, आणि मग तासभर ओणवी होऊन फिरली. चार जनावरं होती. चारींचे खूर लांब, टोकं फाकलेली.

"वाळूतली हायती," ती म्हणाली. तिला जरा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. कोडं चटकन सुटलं की माणसाला होतो तसा.

वाळूत, ओढ्याच्या तोंडाशी, त्या वर्षी एकच बिऱ्हाड होतं. फ्रैजाचं. पस्तिशीची विधवा, दोन मुली, अकरा शेळ्या. नवऱ्याचा ट्रक घाटात कोसळल्यापासून ती सासरच्या माणसांपासून लांब, तिथं खाली एकटी राहायची आणि शेळ्यांना विकतचं जव घालून वसंत काढायची. तुतीखाली सुवेलिमकाकांनी विचारलं, माग कुणाचा. आत्यानं फ्रैजाचं नाव घेतलं.

फ्रैजाला बोलावलं. तिच्यापुढं चहाचा पेला ठेवला. तिनं तो हातानं मागं सारला. ज्याच्यावर आळ आहे तो आळ फिटेपर्यंत त्या अंगणातला चहा पीत नाही, ही आमची रीत. ती एवढंच म्हणाली, की माझ्या शेळ्या उंबरा ओलांडताना धापा टाकतात, लोझाचा चढ कुठून चढतील. लोक हसले. सापडलेला माणूस आणखी काय बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

निकाल कृत्तिका उगवायच्या आदल्या दिवशी लागायचा होता. पण तो काय लागणार हे ठरल्यासारखंच होतं. ज्येष्ठाच्या उन्हात ओढ्याच्या तोंडाशी तापलेले धोंडे सोडले तर खायला काही नसतं. फर्श मिळाला नाही तर फ्रैजाला कळप किनाऱ्यावरच्या खाटकाला द्यावा लागणार, आणि शेळ्या नाहीत अशी बाई आमच्यात दुसऱ्याच्या शेळ्या वळते.

त्याच सुमाराला इब्तिसामबाई आल्या. त्या शहरातल्या विद्यापीठात झाडांच्या डॉक्टर होत्या. डॉक्टर म्हटल्यावर बायका पहिले दोन दिवस त्यांना गुडघे दाखवत राहिल्या. त्यांचं काम वेगळंच होतं: सुतळीनं जमिनीवर चौकोन आखायचा आणि त्यातलं पान न् पान मोजायचं. आमच्या डोंगरात जीवजंतू राहतात अशा जागा किती प्रकारच्या आहेत ते त्यांना लिहून काढायचं होतं. वाटाड्या म्हणून माझा नवरा, आणि राहायला माझ्या घराशेजारचा तंबू. संध्याकाळी आत्या चहाला यायची, तेव्हा त्या तिला कागद वाचून दाखवायच्या. कागदावर सहा प्रकार होते: ओढ्याचं पात्र, उतार, फर्श, घळ, कडा, शिखर.

"सहाच?" आत्यानं विचारलं. तांबड्या दगडाला काळ्या दगडाची पट्टी जिथं चिरत जाते ती जागा कुठं आहे, असं तिला हवं होतं. बाई म्हणाल्या, तो दगडाचा प्रकार झाला, राहायच्या जागेचा नव्हे.

"पाणी तिथंच निघतंय," आत्या म्हणाली. "तुमच्या गावात काय पाणी सोडून राहत्यात?"

बाईंनी हसून ते लिहून घेतलं. मग आत्याला चेव आला. शिखराच्या उत्तर अंगाला बर्फ महिनाभर जास्त टिकतं तिथलं गवत आणि दक्षिण अंगाचं गवत ती एकाच पोत्यात भरू देईना. बाग म्हणजे माणसानं केलेली जागा, ती धरायची नाही, म्हणाल्या बाई. तर आत्यानं विचारलं की भिंतीतल्या सरड्याला कुणी सांगितलंय का ते. असं तीन संध्याकाळी चाललं. मला वाटतं दोघींनाही त्याची गोडी लागली होती. एक विचारायची, दुसरी उत्तर द्यायच्या आधी आणखी एक प्रश्न करायची, आणि चहा गार व्हायचा.

चौथ्या संध्याकाळी बाईंनी मागाची गोष्ट ऐकली. त्यांना खुरांचं फारच नवल वाटलं. पुन्हा पुन्हा विचारून त्यांनी सगळं टिपून घेतलं आणि मग सहज म्हणाल्या, "तुमची कातळावरची शेळी मी खाली वाळूत नेऊन बांधली, तर काय होईल?"

"काय व्हायचं? दोन-तीन महिन्यांत तिचे बी खूर लांबतील."

"मग खुरावरून शेळी कुठे राहिली ते कळतं. कुणाची ते कसं कळलं?"

आत्याच्या ओठाशी पेला होता. तो तिनं तसाच खाली ठेवला. पेल्यात चहा ठेवून उठलेली आत्या मी जन्मात पाहिली नव्हती.

"वाळूत फ्रैजाच राहते," ती म्हणाली. "दुसरं कोण हाय तिथं?"

"पण मऊ जमीन फक्त तिथेच आहे का?"

बाईंनी हे टोचायला विचारलं नव्हतं. त्यांच्या हातात पेन्सिल होती आणि कागदावर त्या रकान्यात जागा मोकळी होती, म्हणून विचारलं. आत्या चहा तसाच टाकून घरी गेली.

आता ह्यात अडचण अशी. माग काढणाऱ्यानं एकदा नाव घेतलं, की ते नुसतं परत घेता येत नाही. मी चुकले, असं म्हणून उठता येत नाही. तसं चाललं असतं तर कुणीही भावकीच्या दबावाला भिऊन नाव गिळलं असतं. घेतलेलं नाव उचलायचं तर त्या जागी दुसरं नाव ठेवावं लागतं, आणि त्याचा पुरावा. म्हणजे आत्याला शंका आली ह्याचा फ्रैजाला दमडीचा उपयोग नव्हता. चार शेळ्या कुणाच्या ते सापडायला हवं होतं, आणि कृत्तिकांना आठ दिवस उरले होते.

सकाळी फटफटायच्या आत तिनं मला उठवलं. सुवेलिमकाकांना सांगून आम्ही पुन्हा लोझात गेलो. ह्या खेपेला तिनं खुरांकडं बघितलंच नाही. लेंड्या वेचल्या. एका सपाट धोंड्यावर बसून एक एक फोडली, चोळली, हुंगली, आणि ओढणीच्या पदरावर पसरली. फ्रैजाच्या शेळ्या थंडीपासून जव खात होत्या. त्यांच्या लेंडीत जवाचं कुसळ हटकून दिसतं. इथं कुसळ नव्हतं. बारीक पिवळे दाणे होते, खसखशीसारखे. आत्यानं त्यातला एक दातांत धरला.

मी म्हटलं, "आत्या, शेण गं ते."

"तू भाकरी खातीस ती राखेतच भाजलेली असती न्हवं," ती म्हणाली आणि दाणा चावला. कट्कन आवाज आला.

पदराची गाठ मारून ते दाणे तिनं इब्तिसामबाईंकडं नेले. बाईंनी भिंग काढलं, बघितलं, पुन्हा बघितलं. अंजिराचं बी, म्हणाल्या. आत्यानं मान हलवली. तिला ते आधीच कळलं होतं. भिंगालाही कळतं का, एवढंच बघायचं होतं.

बागेतल्या अंजिराला त्या दिवसांत फळं जेमतेम धरलेली असतात, आणि बागेला भिंत असते. राहिलं रानअंजीर. ते आमच्याकडं घळीतच उगवतं, कड्याच्या भेगेत, जिथली ओल बारा महिने मोडत नाही. त्याची फळं झाडाखालीच वाळून पडतात आणि मागच्या सालची पुढच्या साली खायला मिळतात. म्हणजे अंजीर हवं, मऊ माती हवी, आणि तिथून लोझाच्या माथ्यावर निघायची वाट हवी. अशा घळी आत्यानं बोटांवर मोजल्या. सात भरल्या.

बाई म्हणाल्या, मीही येते. त्यांच्या कागदावर घळ असा एकच शब्द होता आणि आत्या सात म्हणत होती, हे त्यांना सोसवेना.

तीन दिवस आम्ही तिघी फिरलो. पहिल्या घळीचा तळ सगळा धुतलेला कातळ. तिथं राहणारीचे खूर आरशासारखे घासले गेले असते. दुसरीत अंजीर होतं, माती होती, पण वर जायला वाट नाही, सरळ भिंत. तिसरीत एक गुहा निघाली. तळाला जुन्या लेंड्यांचा वीतभर थर, पाय रुतत होता. आत्या तिथं बराच वेळ बसून राहिली. मऊ तर मऊच जागा, पण लेंड्या दहा वर्षांपूर्वीच्या आणि वर वटवाघळांची घाण. बाई मात्र त्या घाणीवरच्या किड्यांपाशी बसल्या त्या उठेनात. चौथ्या घळीत रानशेळ्यांचे, बाकदार शिंगांच्या डोंगरी जातीचे माग मिळाले. मला वाटलं सुटलो. त्यांनाच दोष देऊ आणि घरी जाऊ. आत्यानं ठशावर बोटं टेकवली. त्यांचे खूर आखूड आणि कडेला धारदार होते. "ही कड्यावर झोपते," ती म्हणाली. "माग खोटा लावायचा न्हाई दुसऱ्यांदा."

पाचवी आणि सहावी घळ एका दुपारी आटोपली. राहिली रडक्या कड्याची.

ह्या घळीला रडका कडा म्हणतात कारण काळ्या दगडाच्या एका पट्टीतून तिथं कायम पाझर असतो. दोन हिवाळ्यांमागं मोठा लोंढा आला, डोंगर हलला, आणि घराएवढा धोंडा येऊन घळीच्या तोंडात बसला. तेव्हापासून तिथं कुणी गेलं नव्हतं. त्याच लोंढ्यात आत्याच्या दोन शेळ्या गेल्या होत्या, काजळी नावाची एक गाभण शेळी आणि एक तरणा बोकड. काजळीवर तिचा फार जीव. ती वाहून गेल्यावर आत्या आठवडाभर दुसऱ्या शेळीचं दूध प्यायली नव्हती.

त्या वाटेला लागल्यावर आत्या हळू चालायला लागली. तेव्हा वाटलं, गुडघे दुखत असतील. मला आता वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं.

खालून रस्ता नव्हता म्हणून आम्ही वळसा घालून वर चढलो आणि काठावर पालथ्या पडून खाली डोकावलो. तोंडावर गार वारा आला. आमच्या डोंगरात भर दुपारी असा वारा येत नाही. खाली दोन अंगणं मावतील एवढी जागा. काळ्या पट्टीतून पाणी टपकत होतं, आणि त्याच्या कडेनं कातळावर हिरवी झालर लोंबत होती. आम्ही तिला विहिरीची कोथिंबीर म्हणतो. तळाला काळी माती, गुडघाभर रानपुदिना, लव्हाळे, आणि भेगेतून आडवं निघालेलं अंजीर. इब्तिसामबाई पुटपुटत नावं घेत होत्या, एकामागून एक, जपमाळ ओढल्यासारख्या. पलीकडच्या अंगाला कड्याला एक तिरकी फट होती आणि ती थेट लोझाच्या मागच्या माथ्यावर निघत होती.

अंजिराच्या सावलीत चार शेळ्या बसल्या होत्या. आम्ही बघत असताना एक उठली. पायांत मोजड्या घातल्यासारखी उचलून उचलून पाऊल टाकत पाण्याशी गेली. तिच्या डाव्या कानाला चीर होती.

आत्यानं हाक घातली. प्रत्येकीची हाक वेगळी असते. तिची दोनदा जीभ टाळ्याला लावून मग एक लांब सूर, अशी होती. काजळीनं वर बघितलं. तोंडातला पुदिना चघळला. मग मान वळवून पाणी प्यायला लागली.

"सासर चांगलं मिळालं की म्हायेरची हाक ऐकू येत न्हाई," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता, पण ती हसत होती.

परत फिरताना मीच विषय काढला. मला सांगायला लाज वाटत नाही. मी म्हटलं, दीड वर्ष रानात राहिल्या, त्या रानाच्याच झाल्या. बिनमालकाची जनावरं आहेत असं तुतीखाली सांगितलं तर फ्रैजाही सुटते आणि तूही. तिथं खाली उतरून कान बघायला कोण जाणार आहे? इब्तिसामबाई बुटाचा बंद बांधायला थांबल्या. सुटलेला नव्हता तरी.

आत्या म्हणाली, "कान कुणी चिरला तिचा?"

प्रत्येक घराची कानावरची खूण ठरलेली असते. डाव्या कानाला खालून एक चीर, ही आमच्या घराची.

दुसऱ्या दिवशी माझा नवरा दोर घेऊन फटीतून उतरला आणि बोकड वर काढून आणला. काजळी आणि तिच्या तिथंच जन्मलेल्या दोन पाठी काही हाती लागेनात. तेव्हा त्यानं फटीचं तोंड दगडांनी बुजवलं, म्हणजे निदान पुन्हा लोझात यायला नकोत.

निकालाच्या दिवशी तुतीखाली सगळे जमले. फ्रैजा दोन्ही मुलींना घेऊन आली होती. तिच्यापुढं पेला ठेवला गेला, तिनं मागं सारला. आत्या बोकडाला धरून आली आणि बसायच्या आधीच बोलली. फर्शावरचा माग माझ्या शेळ्यांचा आहे, म्हणाली. फ्रैजाचं नाव उचलते आणि तिथं माझं ठेवते.

कुणीतरी विचारलं, कुठल्या शेळ्या? लोंढ्यात गेल्या त्या, आत्या म्हणाली. मागं बायकांत हसू पिकलं. मेलेल्या शेळ्या चरून गेल्या म्हणे. सुवेलिमकाकांच्या बागेत सकाळीच पाणी सोडलेल्या कांद्याच्या वाफ्यात आत्यानं बोकडाला उभं केलं आणि मागं ओढलं. चिखलात चार ठसे उमटले. सुवेलिमकाका काठी टेकत उठले, वाकले. वाडग्याखालचा ठसा त्यांनी स्वतः पाहिला होता. ते इतका वेळ वाकून राहिले की त्यांच्या नातवानं त्यांना धरलं. मग त्यांनी बोकडाचा डावा कान उलटा करून बघितला.

बसल्यावर ते म्हणाले, "मुसल्लमच्या आई, ह्या शेळ्या काय तू हाकल्या न्हाईस. तुझ्या मर्जीनं तर गेल्या न्हाईत."

आत्या म्हणाली, "फ्रैजाला म्या इचारलं व्हतं का, मर्जीनं गेल्या का म्हणून?"

सुवेलिमकाकांनी जमिनीकडं बघत निकाल सांगितला: रुबय्याचा कळप ह्या उन्हाळ्यात लोझात जाणार नाही, आणि हा बोकड सगळ्यांसाठी कापायचा. फ्रैजानं समोरचा पेला उचलला. एवढे दिवस त्या अंगणात न प्यायलेला चहा ती शांतपणे, पार तळापर्यंत प्यायली. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "साखर कमी हाय." आणि सगळ्यांत आधी आत्या हसली.

बोकडाचं मटण संध्याकाळी शिजलं. त्याला पुदिन्याचा वास होता, मसाला न घालताच. लोक खातानाही त्याच्यावरच बोलत राहिले. इब्तिसामबाईंनी दोनदा मागून घेतलं, आणि जाताना त्यांच्या कागदावर मी बघितलं तर पाझराचा कडा म्हणून एक वेगळी ओळ होती, बाकीच्यांपेक्षा लांबलचक.

फ्रैजा लोझात चढली आणि आत्या चौदा शेळ्या घेऊन तिच्याच रिकाम्या जागेत, ओढ्याच्या तोंडाशी उतरली. तो उन्हाळा वाईट गेला. दोन शेळ्या भाद्रपदापर्यंत टिकल्या नाहीत. मुसल्लमनं पाठवलेल्या जवाची पोती माझा नवरा उंटावरून पोचवायचा. फ्रैजा वरून वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या धाडायची, आणि बरोबर निरोप: आत्याला सांगा, आमच्या उंबऱ्याशी धापा टाकू नका म्हणावं. आत्या तेवढाच तिखट निरोप उलट धाडायची. काही निरोप मला इथं लिहिता येणार नाहीत.

मी भेटायला गेले की तिच्या हातात एक लोकरीची दोरी असायची, गाठी मारलेली. मला वाटलं दिवस मोजतेय, शिक्षेचे. तसं नव्हतं. दर शुक्रवारी ती एका पांढऱ्या कपाळाच्या शेळीचा पाय मांडीवर घ्यायची, जवाचे दाणे खुराला लावून लांबी बघायची आणि गाठ मारायची. बाकी सगळ्यांचे खूर ती सुरीनं कापायची, हिचे तेवढे नाही. साठ वर्षं खूर वाचले, म्हणाली, पण किती दिवसांत किती वाढतो ते कधी मोजलंच नव्हतं. महिन्याला जवाचा एक दाणा, जरा कमीच. इब्तिसामबाई परत येतील तेव्हा हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं.

शरदात ती कळप घेऊन वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वाफ्यातला मुळा कुणीतरी खाल्लेला होता, आणि मातीत ठसा होता: लांब, फाकलेल्या टोकाचा. माझ्या तोंडात फ्रैजाचं नाव आलंच होतं. मागं वळले तर भिंतीपलीकडून आत्या बघत होती, तिच्या मागं ती पांढऱ्या कपाळाची शेळी तोंड हलवत उभी.

"नाव घ्यायची घाई नगं, मर्झूका," आत्या म्हणाली. "आधी लेंडी फोड."